नवा कॅमेरा घेतला, तरी मोबाईलचेच फोटो बरे येतात. असं का?

प्रश्न डिचोलीच्या एका ताईंचा आहे. गेल्या वर्षी त्यांनी १८-५५ मिलीमीटरच्या झूम लेन्ससकट डिजिटल कॅमेरा घेतला. चवथीला हौसेने घरातले फोटो काढले. गणपतीपुढे बसलेल्या सासूबाईंचा चेहरा काळवंडला, मागच्या दिव्यांच्या माळा मात्र लखलखीत आल्या. आरतीतली मुलं हलली. एका फोटोत तर मुलीचा चेहरा अस्पष्ट आणि तिच्या मागे टांगलेला नारळ रेषान् रेष स्पष्ट. त्याच वेळी दिरांनी मोबाईलवर काढलेले फोटो सगळ्यांना आवडले. आता त्या विचारतात, कॅमेरा बदलू की भारी लेन्स घेऊ?

ताई, सध्या दोन्ही नको. मी तीस वर्षं गोव्यात लग्नं, मुंजी, जत्रा आणि लोकांच्या घरातले सण टिपत आलोय, आणि तुम्ही सांगितलेल्या तिन्ही चुका मी स्वतः केल्यात. तिन्हींचं मूळ एकच आहे. चौकटीतलं काय महत्त्वाचं आहे हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. सासूबाई, बल्ब आणि नारळ त्याला सारखेच. तुम्ही सांगितलं नाही तर तो आपल्या मनाने ठरवतो, आणि बहुतेक वेळा बल्ब किंवा नारळ निवडतो.

मोबाईलचं आधी सांगतो, म्हणजे मनातली खंत जाईल. तुम्ही बटण दाबता तेव्हा मोबाईल कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो भराभर घेतो, ते एकमेकांवर बसवतो, चेहरा ओळखून उजळतो आणि मग एक फोटो दाखवतो. कॅमेरा एकदाच पडदा उघडतो आणि जे आलं ते तुमच्या हातात देतो. निर्णय घ्यायचं काम तुमच्याकडे आलंय, एवढाच फरक. ते अंगवळणी पडलं की हाच कॅमेरा मोबाईलला कुठच्या कुठे मागे टाकेल.

सुरुवात कॅमेरा हातात न घेता करा. दोन वर्षांपूर्वी काणकोणात एका जुन्या घरी साखरपुड्याला गेलो होतो. तिथल्या आजी माजघरात पिवळ्या बल्बखाली पाटावर बसून अबोलीची फाती, म्हणजे गजरे, करत होत्या. दृश्य सुंदर, पण बल्ब डोक्यावर. डोळ्यांच्या खोबणीत अंधार आणि कपाळावर चकाकी. मी म्हटलं, "आजी, पाट जरा दाराकडे घेता का?" त्या हसत चार हात सरकल्या. शेजारच्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले होते, आपल्याकडच्या जुन्या घरांत असतात तसे. त्यातून येणारा उजेड दुधासारखा असतो, सावलीला धार नसते. तो त्यांच्या एका गालावर पडला, तिथून बोटांवर उतरला. दोऱ्याचा पीळ, नखाला लागलेला देठाचा हिरवा रस, प्रत्येक सुरकुती, सगळं दिसायला लागलं. कॅमेऱ्याचं एकही सेटिंग मी बदललं नव्हतं. फक्त पाट सरकला होता.

म्हणून घरात फोटो काढायचा असेल तर आधी दार किंवा खिडकी बघा. माणसाला तिच्याजवळ बसवा, उजेड बाजूने किंवा तिरका समोरून येईल असा. तुम्ही खिडकीच्या बाजूला उभं राहा. खिडकी माणसाच्या पाठीमागे आली की चेहरा काळा होणारच. आणि अंतराकडे लक्ष द्या: खिडकीपासून दोन पावलं आत गेलं की उजेड झपाट्याने ओसरतो. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. कॅमेऱ्याला लगेच जाणवतं. खिडकीतला उजेड आला की घरातले पिवळे बल्ब बंद करा, नाहीतर चेहऱ्याचा एक भाग निळसर आणि दुसरा केशरी येतो, आणि ते नंतर कॉम्प्युटरवर सुधारता सुधारत नाही.

घराबाहेर जागा शोधायची तर ओसरी किंवा बल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची छपराखालची जागा. वर छप्पर, समोर मोकळं अंगण, ऊन अंगणावर पडून वर उसळतं आणि चेहऱ्यावर येतं. स्टुडिओत मोठ्या छत्र्या लावून आम्ही जे करतो ते आपल्या घरबांधणीने आधीच करून ठेवलंय. मे महिन्याच्या सुरुवातीला गोव्यात सूर्य खरोखरच डोक्यावर येतो, साधारण दुपारी साडेबाराला, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा एकदा. त्या उन्हात तुळशीवृंदावनाजवळ उभ्या केलेल्या नवऱ्या-नवरीच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात. त्यांना चार पावलं मागे, ओसरीच्या कडेला घ्या. ऊन अंगावर नको, पण समोर हवं.

आता तुमचा काळवंडलेला चेहरा. कॅमेऱ्याच्या आत उजेड मोजणारा मीटर असतो. तो ढोबळमानाने असं धरून चालतो की चौकटीतलं सगळं मिळून मध्यम करडं असायला हवं. समोर दिव्यांच्या माळा आल्या की त्याला वाटतं, उजेड फार झाला. तो सगळा फोटो गडद करतो आणि सासूबाई त्यात बुडतात. पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून नुसती पांढरी भिंत चौकटभर घेऊन बघा. चुना मारलेली शुभ्र भिंत मळक्या चादरीसारखी करडी येईल. उलट, शेतात बसलेली म्हैस चौकटभर घेतली तर मीटर ती उजळवतो, काळी म्हैस राखाडी दिसते आणि तिच्या पाठीवरचा बगळा नुसता पांढरा डाग होतो.

यावर उपाय कॅमेऱ्यावरच आहे आणि तो बहुतेक जण कधी वापरत नाहीत. अधिक-उणे असं चिन्ह असलेलं बटण शोधा. त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. ते दाबून चाक फिरवलं की अधिक एक म्हणजे दुप्पट उजेड, उणे एक म्हणजे निम्मा. पांढरी भिंत, वाळू, आभाळ किंवा दिव्यांच्या माळा चौकटीत जास्त असतील तर अधिककडे न्या, एकपर्यंत निर्धास्त. म्हशीला उणे एक. एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. फोटो काढला की मागच्या पडद्यावर चेहरा बघा, बाकी काही बघू नका. चेहरा हवा तसा आला का? नसेल तर चाक फिरवून पुन्हा काढा. काम झालं की ते शून्यावर आणायला विसरू नका. मी विसरलोय, आणि दुसऱ्या दिवशीची अख्खी मुंज पांढुरकी झाली होती.

मात्र जे पार पांढरं होऊन गेलं ते परत येत नाही. बल्ब पांढरा झाला तर चालेल, तो बल्बच आहे. आजीचं नऊवारी पांढरं लुगडं सपाट पांढरं झालं तर त्याच्या चुण्या कायमच्या गेल्या. कॅमेऱ्यात असा पार पांढरा झालेला भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, ती चालू ठेवा. आणि रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या प्रकारात फोटो साठवला तर गडद भाग नंतर बराच उजळता येतो. पण सुरुवातीला त्याच्या मागे लागू नका. जेपेग, म्हणजे नेहमीचा तयार फोटो, आणि रॉ दोन्ही एकत्र साठवा, कधीतरी उपयोगी पडेल.

नारळाचं काय झालं तेही सांगतो. कॅमेऱ्याला फोकससाठी सगळे बिंदू मोकळे सोडले की तो बहुधा सगळ्यात जवळचं किंवा सगळ्यात ठसठशीत, उजेड-सावलीचा फरक असलेलं काहीतरी पकडतो. माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगून बांधलेल्या मांडवीत, नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे, कांगलां अशी ठसठशीत वस्तूंची गर्दीच असते. नव्या कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो चालू करा. नसेल तर फोकसचा एकच बिंदू निवडा, तो माणसाच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबा, बीप झाला की मगच पूर्ण दाबा. बसलेल्या माणसाला हे पुरेल. मुलं पळत असतील तर सतत फोकस धरून ठेवणारा प्रकार लावा. काही कॅमेऱ्यांत त्याला सर्वो म्हणतात, काहींत कंटिन्युअस.

हललेली मुलं म्हणजे शटरचा, कॅमेऱ्याचा आतला पडदा किती वेळ उघडा राहतो त्याचा प्रश्न. शांत बसून बोलणाऱ्या माणसाला सेकंदाचा १/१२५ भाग पुरतो. टाळ्या वाजवत आरती म्हणणाऱ्यांना १/२५०. अंगणात पळणाऱ्या नातवाला १/५००. घरात एवढ्या वेगाला उजेड पुरत नाही, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवावा लागतो, आणि इथे लोक घाबरतात. दाणे येतील म्हणून ८०० वरच थांबतात आणि हललेला फोटो घरी नेतात. माझं स्पष्ट मत आहे: दाणेदार पण स्पष्ट फोटो ठेवता येतो, गुळगुळीत पण हललेला टाकून द्यावा लागतो. आयएसओ ऑटोवर ठेवा, वरची मर्यादा ६४०० द्या आणि शटर तुम्ही ठरवा. फोटोच्या प्रिंटवर ते दाणे कुणाला दिसतही नाहीत. एक अपवाद मला आवडतो. आरतीत चेहरा स्थिर आणि टाळ्यांचे हात थोडे हललेले असतील तर त्या फोटोतून आवाज ऐकू येतो. त्यासाठी मी मुद्दाम १/६० लावतो आणि दहा-बारा काढतो. त्यातला एक साधतो.

घरात ट्यूबलाईट किंवा स्वस्त एलईडीच्या माळा असतील तर अजून एक गंमत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर फार वेगवान असलं की फोटोत आडवे काळपट पट्टे येतात, किंवा एक फोटो पिवळा आणि पुढचा हिरवट येतो. अशा वेळी १/१०० वर या, बहुतेक पट्टे जातात. कॅमेऱ्यात बिघाड नाही, म्हणून दुरुस्तीवाल्याकडे धावू नका.

कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश घरात बंदच ठेवा. तो समोरून सपाट आदळतो, घामेजलेल्या कपाळावर चकाकतो, मागच्या भिंतीवर कडक सावली टाकतो आणि तीन-चार मीटरच्या पलीकडे पोचतही नाही. गंमत म्हणजे त्याचा खरा उपयोग दुपारच्या उन्हात आहे. माणूस उन्हाकडे पाठ करून तुमच्याकडे बघत असेल तर चेहऱ्यावरची सावली तो भरून काढतो.

तुमच्या लेन्सबद्दल एक बारीक गोष्ट. ती १८ वर असताना ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ ३.५ पर्यंत उघडतं (आकडा लहान तितकं भोक मोठं), ५५ वर फक्त ५.६ पर्यंत. म्हणजे झूम करून तुम्ही उजेड अडीच पटीने कमी करता, तोही अंधाऱ्या खोलीत. मग झूम न करता जवळ जावं, तर १८ वर चेहरा अगदी जवळून घेतला की नाक फुगतं. मी ३५ च्या आसपास ठेवतो आणि पायाने पुढे-मागे होतो. आणि एकदा फोटो काढून झाला की अजून एक पाऊल पुढे टाका. घरच्या फोटोंत सगळ्यात जास्त वाया जाते ती माणसाभोवतीची जागा: पंखा, स्विचबोर्ड, कोपऱ्यात ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची. मुलांचे फोटो काढताना खाली बसा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. समुद्र असेल तर क्षितिज सरळ ठेवा, पडद्यावर जाळी दाखवायची सोय चालू करा. रचनेबद्दल यापेक्षा जास्त नियम मी कुणाला सांगत नाही.

सराव कशाचा करायचा? रोज सकाळी दारात येणाऱ्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा. हॉर्न वाजला की तुमच्याकडे तयारीला अर्धा मिनिट असतो, आणि तो उद्या पुन्हा येणार आहे. हे फार मोठं भाग्य आहे. आधी त्याला विचारा. पहिल्या दिवशी नुसता सायकलवरून येताना काढा, १/५०० वर. दुसऱ्या दिवशी टोपलीवरचं प्लॅस्टिक बाजूला सारणारा हात. तिसऱ्या दिवशी पाव घ्यायला आलेल्या शेजारणीचा चेहरा. जागा तीच, वेळ तीच, माणूस तोच, त्यामुळे काय बदललं ते नीट कळतं. नवख्या माणसाने शिगम्याच्या, म्हणजे आपल्या होळीच्या सणाच्या, मिरवणुकीत उडी घेतली की ढोल, रोमटामेळाचे नाचणारे जथे, चित्ररथ सगळं एकदम अंगावर येतं आणि चारशे फोटोंत एकही हाती लागत नाही. पोदेराचे वीस सकाळी काढून मग शिगम्याला जा.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलात तर वर बघा. पावसाळ्यात निळी ताडपत्री असते, आणि तिच्यातून गाळून आलेला उजेड मिरच्या, मयड्याची केळी आणि विकणारीचा चेहरा सगळ्यांवर निळा थर चढवतो. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवायची सोय, तिथे हमखास फसतो. ताडपत्रीच्या कडेला बसलेली विक्रेती शोधा, जिथे आभाळाचा उजेड थेट पडतो. केळी पिवळी दिसतील. तिच्याकडून काहीतरी विकत घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा. नाही म्हणाली तर कॅमेरा खाली. देवळातही तसंच. बऱ्याच देवळांत गाभाऱ्याचा फोटो काढू देत नाहीत. सभामंडपात आणि अंगणात काढायला पुष्कळ असतं.

संध्याकाळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सगळे सूर्याकडे तोंड करून उभे असतात. तुम्ही पाठ फिरवा. तो सोनेरी उजेड ज्या चेहऱ्यांवर पडलाय ते बघा. सूर्यासमोर माणूस उभा करायचाच असेल तर आधी ठरवा, चेहरा हवा की काळी आकृती. दोन्ही एकाच फोटोत मिळणं कठीण. आणि सूर्य बुडाला की निघू नका. आपल्याकडे संधिप्रकाश जेमतेम वीस-बावीस मिनिटं टिकतो, पण तेवढ्यात आभाळ निळं आणि फेरीबोटीवरचे दिवे पिवळे असा जो मेळ जमतो तो दिवसभरात पुन्हा येत नाही.

पावसाळ्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. लोक डिसेंबरात कॅमेरा काढतात आणि जूनमध्ये कपाटात ठेवतात. माझ्या मते उलट करावं. ढगाळ आभाळ म्हणजे गावभर पसरलेली एकच मोठी मऊ खिडकी, दिवसभर माणसांचे फोटो काढा. पावसाच्या धारा दिसायला हव्या असतील तर मागे काहीतरी गडद हवं: भिजलेल्या चिऱ्याची भिंत, उघडं अंधारं दार, माडांची दाटी. पांढऱ्या आभाळावर पाऊस दिसत नाही. शटर १/६० ठेवलं तर धारा, १/५०० ठेवलं तर थेंब.

पण कॅमेरा सांभाळायला हवा. माझी पहिली झूम लेन्स मी कातडी पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवली होती, अगदी जपून. चवथीच्या आधी काढली आणि उजेडासमोर धरली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. बुरशी. कातडं ओल धरून ठेवतं आणि कपाटात हवा खेळत नाही. साफ करून घेतली, पण काचेवरचा लेप खराब झाला तो झालाच. आता मी घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा वापरतो, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली समजायचं आणि ते गरम करून वाळवायचे. आणि वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते. पिशवीतच वीस-तीस मिनिटं राहू द्या. समुद्रावरून आलात तर आधी हवा मारून वाळू उडवा, मगच कापड लावा. वाळूचा एक कण कापडाखाली आला तर ओरखडा कायमचा.

एवढं सगळं वर्षभर करून मग लेन्स घ्यावीशी वाटली तर ५० मिलीमीटरची एफ १.८ घ्या, महागडी झूम नको. तुमच्या लेन्सच्या लांब टोकापेक्षा ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. मात्र पूर्ण उघडी ठेवून दीड मीटरवरून काढलात तर जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. आजी स्पष्ट आणि मांडीवरची नात धूसर, असं होईल. दोघींना एक रेषेत बसवा किंवा ॲपर्चर ४ वर आणा. मेगापिक्सलसाठी नवा कॅमेरा घेणार असाल तर हिशोब करा: ८ बाय १२ इंचांच्या उत्तम प्रिंटला इंचाला ३०० पिक्सल धरले तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे साधारण ८.६ मेगापिक्सल लागतात. तुमच्या कॅमेऱ्यात त्याहून कितीतरी जास्त आहेत.

या चवथीला असं करा. आदल्या दिवशी माटोळी बांधून झाली की, गणपती आणायच्या आधी, मुलीला चौरंगाजवळ बसवा. माळा लावा. एक फोटो शून्यावर, एक अधिक अर्ध्यावर, एक अधिक एकवर काढा. मग चौरंगासमोरचा ट्यूबलाईट चालू करून तेच तीन पुन्हा काढा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर समोरून येईल. सहा फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, त्यातला तिच्या चेहऱ्याला साजेसा कोणता ते ठरवा आणि ते आकडे कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. दुसऱ्या दिवशी आरतीची गडबड सुरू झाली की विचार करायला वेळ मिळणार नाही. सासूबाईंना त्याच जागी बसवा आणि तेच आकडे लावा. ते सहा फोटो मला पाठवलेत तर कोणत्यात काय चुकलं आणि काय जमलं ते मी आनंदाने सांगेन.